खाट, बाज आणि चार खांदे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या घराचे छप्पर उतरविण्याचा प्रसंग आला. माळ्यावरील सामान एकेक करून अंगणात आले. भाताच्या कणग्या, फुटके हंडे, वडिलांच्या वेळचे कंदील. सर्वांत शेवटी उतरली ती एक बाज. तिचे सागवानी खूर अजून ठणठणीत होते, पण काथ्याची वीण जागोजागी कुजून लोंबत होती. घरातील धाकट्या नातवाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “आजोबा, हे काय?” आम्ही म्हणालो, “बाज.” “म्हणजे बेड?” “हो, बेडच. पण बेड नव्हे.” यापुढे काय सांगावे हे आम्हांला सुचेना. मूल खेळायला निघून गेले. प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जे वाचले आणि जे आठवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ही वस्तू कशी असते ते पाहू. चार पाय, त्यांत बसविलेल्या चार पट्ट्या आणि त्या चौकटीवर विणलेली दोरी, एवढाच तिचा संसार. पट्ट्या पायांच्या भोकांत नुसत्या अडकवलेल्या असतात. त्यांना जखडून ठेवण्याचे काम दोरीचा ताण करतो. वीण संपूर्ण चौकटीवर पसरत नाही. पायथ्याकडे हातभर जागा मोकळी सोडून तेथे ताणाची वेगळी दोरी ओवलेली असते. माणूस निजून निजून बाजेला झोळ पडला की ही दोरी सैल करून पुन्हा आवळायची. बाज पूर्ववत टणक होते. ढेकूण झाले तर उन्हात टाकून काठीने बडवायची, सांध्यांत उकळते पाणी ओतायचे. पाय मोडला तर पाय बदलायचा, दोर तुटला तर दोर बदलायचा. एकच बाज तीन पिढ्यांना पुरते, ती यामुळे.

दोर मात्र ज्या त्या मातीचा. आमच्या कोकणात नारळ उदंड, म्हणून काथ्या. देशावर अंबाडी किंवा ताग. उत्तरेत नदीकाठी मुंज नावाचे गवत वाढते, त्याचे वाख वळून तेथील खाटा विणतात. ऐपत असलेल्या घरी सुती नवार असे. खालून वारा खेळतो म्हणून उन्हाळ्यात अंग तापत नाही. जमिनीपासून उंच असल्यामुळे ओल लागत नाही आणि विंचूकाट्याचे भय कमी होते. शिवाय ती इतकी हलकी असते की दिवसा भिंतीला उभी करावी, रात्री अंगणात टाकावी. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३४ च्या सुमारास दिल्लीत आला, तेव्हा या हलकेपणाचे त्याला मोठे नवल वाटले होते. हिंदुस्थानातील खाट एकटा माणूस उचलू शकतो, प्रवासाला निघालेला मनुष्य आपली खाट नोकराच्या डोक्यावर देऊन बरोबर नेतो आणि तिची वीण मुळातच लवचीक असल्यामुळे अंगाखाली दुसरे काही लागत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. खाट कोणाच्या अंगाखाली आणि कोणाच्या डोक्यावर, हेही त्याने नकळत नोंदविले आहे. त्या गोष्टीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आता नावाविषयी. ‘खाट’ हा शब्द संस्कृत ‘खट्वा’ या शब्दावरून प्राकृताच्या वाटेने मराठीत आला. पण संस्कृतात तरी तो कोठून आला? तमिळ आणि मल्याळम भाषांत खाटेला ‘कट्टिल’ म्हणतात आणि ‘कट्टु’ म्हणजे बांधणे. म्हणून खट्वा हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतात गेला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ते खरे मानले तर खाट म्हणजे ‘बांधलेली’. लाकडावरून नव्हे, दोरीवरून पडलेले हे नाव होय. ज्याने ते प्रथम उच्चारले त्याचे बोट नेमके मर्मावर पडले होते, कारण दोरी काढली तर चार काठ्या उरतात, खाट उरत नाही.

विणलेल्या चौकटीचे वर्णन आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आढळते. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याच्या आसनाचे रूपक आहे. त्या आसनाचे दोन पाय म्हणजे वसंत आणि ग्रीष्म, दोन पाय म्हणजे वर्षा आणि शरद; त्याचे उभे धागे ऋचांचे आणि आडवे धागे यजुर्मंत्रांचे. हे रूपक सुचायला उभी-आडवी वीण कवीने रोज पाहिलेली असली पाहिजे. ऋग्वेदात शय्येसाठी जे शब्द आले आहेत त्यांत ‘वह्य’ असा एक आहे. वह्य म्हणजे जे वाहून नेता येते ते. बांधलेली आणि वाहून नेता येणारी, असे खाटेचे दोन्ही गुण अशा रीतीने प्राचीन शब्दांतच सापडतात.

परंतु मनुष्य जमिनीपासून हातभर उंच झाला की त्या उंचीचा त्याला अभिमान वाटू लागतो. पाणिनीच्या व्याकरणात ‘खट्वारूढ’ हा शब्द निंदेचा म्हणून नोंदला आहे. पतंजलीने आपल्या महाभाष्यात त्याचा खुलासा केला आहे. विद्यार्थ्याने अध्ययन संपेपर्यंत जमिनीवर निजावे; अध्ययन पुरे करून, स्नान करून, गुरूची आज्ञा घेऊन मगच खाटेवर चढावे. जो त्यापूर्वीच चढतो तो खट्वारूढ, म्हणजे उर्मट. बौद्ध भिक्षूंना उंच आणि मोठ्या शय्येची मनाई होती; मंचाचे पाय आठ बोटांपेक्षा उंच नसावेत असा विनयपिटकात नियम आहे. मनुस्मृतीने तर श्रेष्ठ व्यक्तीच्या शय्येवर वा आसनावर बसू नये असे स्पष्टच सांगितले. गुरू-शिष्यांमधील विनय म्हणून जे सुरू झाले ते गावगाड्यात जातीचे बंधन होऊन बसले. उत्तरेतील कितीतरी गावांत दलित मनुष्याला सवर्णांसमोर खाटेवर बसण्याची मुभा नव्हती. तो स्वतःच्या दारात, स्वतःच्या खाटेवर बसलेला असला तरी वरच्या जातीचा मनुष्य समोरून जाताना त्याला उठून उभे राहावे लागे. चार काठ्या आणि थोडी दोरी, पण ती माणसाची पायरी मोजण्याचे माप झाली.

याच्या उलट एक कथा आहे. ती जुन्या तमिळ संघम्‌ साहित्यातील ‘पुरनानूरु’ या संग्रहात येते. राजाच्या रणभेरीसाठी एक खास कट्टिल असे आणि त्या भेरीला देवतेप्रमाणे मान असे. एकदा भेरी न्हाऊ घालण्यासाठी बाहेर नेली होती. मोसिकीरनार नावाचा कवी थकून-भागून राजवाड्यात आला आणि मऊ फुलांनी आच्छादलेली ती रिकामी खाट पाहून तिच्यावर झोपी गेला. हा अपराध देहदंडाचा होता. चेर राजा तेथे आला, त्याने झोपलेल्या कवीला पाहिले आणि तलवार उपसण्याऐवजी पंखा हाती घेऊन त्याला वारा घातला. जागा झाल्यावर कवीने त्या राजाची स्तुती गायिली, आणि तिच्यामुळेच हा प्रसंग आपणांस ठाऊक आहे. खाटेवर कोण चढले हा प्रश्न त्या राजाने विचारला नाही. निजलेल्याला काय हवे, एवढेच त्याने पाहिले.

हाच कट्टिल पुढे समुद्रापार गेला. पोर्तुगीज १४९८ मध्ये कोळिकोडच्या किनाऱ्याला लागले. मल्याळी घरांतील हा शब्द त्यांनी उचलला आणि पोर्तुगीज भाषेत ‘कात्रे’ हा शब्द रूढ झाला. पोर्तुगीजांकडून तो स्पॅनिश लोकांनी घेतला. आज मेक्सिको आणि अर्जेंटिना येथे साध्या, घडीच्या खाटेला कात्रे म्हणतात. फिलिपाइन्समध्येही बिछान्याला ‘कात्रे’च म्हणतात. इकडे उत्तरेतील खाट इंग्रजांच्या कानी पडली आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यांच्या लिखाणात ‘कॉट’ हा शब्द दिसू लागला. इंग्रजी आरमारात जहाजावर टांगलेल्या कापडी बिछान्याला कॉट म्हणू लागले आणि तेथून तो शब्द इस्पितळांत व लहान बाळांच्या खोल्यांत शिरला. आपण हल्ली ‘लोखंडी कॉट’ म्हणतो तेव्हा आपलीच खाट विलायतेहून परत आलेली असते. ओळख मात्र कोणी देत नाही.

‘पलंग’ या शब्दाचा प्रवास तर याहून रम्य आहे. संस्कृतात पर्यंक किंवा पल्यंक, पालीत पल्लंक. या एकाच मुळापासून मराठीला दोन शब्द मिळाले, पलंग आणि पालखी. एक निजण्यासाठी, दुसरा खांद्यावर घेऊन चालण्यासाठी. पोर्तुगीजांनी त्याच मुळापासून ‘पालांकिं’ हा शब्द घेतला आणि तो युरोपभर गेला. आपल्या महाराष्ट्रात हे दोन्ही शब्द दर आषाढात पंढरपुरी एकत्र येतात. आळंदीहून आणि देहूहून संतांच्या पालख्या निघतात. तिकडे यात्रेच्या दिवसांत विठ्ठलाच्या शयनगृहातील पलंग काढून ठेवला जातो. भक्तांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देव निजत नाही, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आमचे कितीतरी शेजारी ही वारी करतात. पालखी आणि पलंग ही भावंडे आहेत हे कळल्यापासून त्या परंपरेतील प्रेमभाव आम्हांला अधिक उमगला. निजण्याचा हक्क सोडला तेव्हाच दुसऱ्यासाठी जागे राहता येते.

‘मंच’ या संस्कृत शब्दाची वंशावळही मोठी आहे. मराठीत मंचक, माचा, माची; आणि गडाच्या माथ्याखालील सपाटीला आपण माचीच म्हणतो. पंजाबात त्याची ‘मंजी’ झाली, आणि तेथे तर खाटेने धर्माच्या इतिहासातही स्थान मिळविले. शिखांचे तिसरे गुरू अमरदास (१४७९–१५७४) यांनी धर्मोपदेशासाठी २२ विभाग केले, असे शीख परंपरा सांगते. त्या विभागांना ‘मंजी’ म्हणत, कारण उपदेशक मंजीवर बसून लोकांना शिकवण देत असे. ख्रिस्ती वाचकांना यात परके असे काही वाटू नये. बिशपांच्या मुख्य मंदिराला आपण कॅथेड्रल म्हणतो, त्याचे नावही तेथील ‘कॅथेड्रा’वरून, म्हणजे बसण्याच्या खुर्चीवरूनच पडले आहे. उत्तरेत सर्वत्र रूढ असलेली ‘चारपाई’ मात्र सरळ स्वभावाची. फारसीत चार म्हणजे चार आणि पाय म्हणजे पायच. जे दिसते तेच नाव.

राहिली आमची ‘बाज’. खाट हा शब्द देशभर पसरलेला, तर बाज हा आपल्या मराठी घरातील. मराठी स्त्रीचे बाळंतपण बाजेवर होई. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून तीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देत; विणीच्या भोकांतून ती ऊब वर येई. म्हणजे मनुष्य जगात येई तो बाजेच्या संगतीत. पुढे आळशाला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असे हिणवीत, आजाऱ्याला ‘खाटेला खिळला’ म्हणत आणि हट्टी माणसाविषयी ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ म्हणत. सुंभ म्हणजे तोच दोर. आपल्या शेजारच्या हिंदू घरांत अखेरचा क्षण जवळ आला की मरणाऱ्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेत. पंजाबात आणि उत्तरेत मुसलमानांच्या अंत्ययात्रेत प्रेत चारपाईवरूनच कबरस्तानात नेतात. चार पायांची खाट अखेर चार खांद्यांवर चढते.

चार खांद्यांचा उल्लेख आला की ख्रिस्ती मनुष्याला कफर्णहूम आठवल्यावाचून राहत नाही. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षघाती मनुष्याला त्याच्या बिछान्यासह उचलून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून ते छप्पर उकलतात आणि त्याला प्रभूपुढे खाली सोडतात. शेवटी प्रभू त्याला ऊठ आणि तुझा बिछाना उचलून घरी जा असे सांगतो. येथे मार्कने मूळ ग्रीक भाषेत जो शब्द वापरला आहे तो ‘क्राबात्तोस’. हा गोरगरिबांच्या, शिपायांच्या हलक्या बिछान्याचा शब्द. बहुधा मॅसिडोनियाकडून ग्रीकमध्ये आलेला. शिष्ट ग्रीक लिहिणाऱ्यांना तो आवडत नसे आणि व्याकरणपंडितांनी त्याला नाके मुरडली होती. हीच घटना सांगताना मत्तयाने ‘क्लिने’ हा सभ्य शब्द घेतला; लूकनेही ‘क्लिने’ आणि ‘क्लिनिदिओन’ हे शब्द योजिले. याच क्लिनेपासून पुढे ‘क्लिनिक’ निघाले. मार्क मात्र क्राबात्तोसवर ठाम राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्याच्या कथेतही तोच शब्द आहे. लॅटिन बायबलमध्ये त्याचाच ‘ग्राबातुस’ झाला.

या एका शब्दावरून चौथ्या शतकात सायप्रस बेटावर जे घडले ते इतिहासकार सोझोमेन याने नोंदवून ठेवले आहे. त्रिमिथूसचा बिशप संत स्पिरिडॉन हा मूळचा मेंढपाळ. बिशप झाल्यावरही त्याने मेंढरे राखणे सोडले नव्हते. एकदा बेटावरील बिशप एकत्र जमले असता त्रिफिलियस नावाच्या विद्वान बिशपांना प्रवचन करण्यास सांगण्यात आले. त्यांचे शिक्षण बैरूतला कायद्याच्या विद्यालयात झाले होते. प्रभूचे हे वचन सांगताना त्यांना क्राबात्तोस हा शब्द गावंढळ वाटला, म्हणून त्यांनी त्या जागी ‘स्किम्पूस’ हा शिष्ट शब्द घातला. स्पिरिडॉन आसनावरून ताडकन उठला. ज्याने क्राबात्तोस म्हटले त्याच्यापेक्षा आपण मोठे आहात काय, त्याच्या शब्दांची आपणांस लाज वाटते काय, अशा अर्थाचे खडे बोल त्याने सुनावले आणि सर्व लोकांदेखत तो आपली जागा सोडून चालता झाला.

एका शब्दासाठी एवढा संताप कशाला, असे आम्हांला प्रथम वाटले. विचार केल्यावर उमगले की मेंढपाळाला तो शब्द आपल्या घरातला वाटला असणार. त्याच्या घरी क्राबात्तोसच होता. तो शब्द प्रवचनातून काढला जातो तेव्हा त्या बिछान्यावर निजणारी माणसेही प्रवचनातून बाहेर काढली जातात. आपल्या मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात पक्षघाती मनुष्य जे उचलून चालू लागतो ती ‘बाज’ आहे. शय्या नव्हे, पर्यंक नव्हे, मंचकही नव्हे. ज्यांनी हा शब्द योजिला त्यांनी स्पिरिडॉनची कथा वाचली असो वा नसो, त्यांनी प्रभूचे बोल मराठी ओसरीवर आणून ठेवले. आमोस संदेष्ट्याने हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांचा धिक्कार केला होता. येथे काथ्याच्या बाजेला शुभवर्तमानात जागा मिळाली आहे.

या ठिकाणी आम्हांला स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माळ्यावरून उतरविलेली बाज आमच्या लहानपणी ओसरीवर असे. आल्यागेल्या पाहुण्याला तिच्यावर बसवीत. धर्मगुरू घरी आले तर तिच्यावर नवी चादर पडे. शेतावर कामाला येणारे गडी मात्र ओसरीच्या पायरीवर, फार तर खाली जमिनीवर बसत. बसू नका असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बसा असेही कोणी म्हटले नव्हते. आम्ही रविवारी मिस्साला जाणारी माणसे. मनुस्मृती आमच्या घरात कोणी पाहिलीही नव्हती.

एका पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत त्यांपैकी एका गड्याला बांधावर सर्प डसला. रस्ता चिखलाचा, वाहन मिळण्याचा संभव नाही. वडिलांनी ओसरीवरची बाज ओढून काढली, त्याला तिच्यावर निजवले आणि चौघांनी खांदा दिला. वडील पुढच्या उजव्या खुराला होते. दवाखाना दीड कोसावर होता. मागे कंदील घेऊन धावताना त्याचा हात बाजेबाहेर लोंबत असलेला आम्ही पाहिला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. देवाच्या दयेने तो वाचला. आठवड्याभराने तो परत आला तेव्हा ती बाज त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. त्याने ती ओसरीवर तिच्या जागी नीट लावून ठेवली, पायथ्याची दोरी सैल झाली होती ती आवळली आणि मग तो पायरीवर जाऊन बसला. आईने त्याला चहा दिला. त्याला बाजेवर बस असे त्या दिवशीही कोणी म्हणाले नाही.

तेव्हा आम्ही लहान होतो आणि त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे कितीदा तरी मिस्सात मार्कचा तो उतारा ऐकला. बरा झालेला मनुष्य बाज उचलून स्वतःच्या घरी जातो. आमचा गडी बाज उचलून आमच्या घरी आला आणि खाली बसला. आम्ही त्याला वाहिले हे खरे. पण त्याच्या शेजारी बसलो नाही. मरणाच्या भयाने जी बाज त्याच्यासाठी खाली आली ती भय सरताच पुन्हा उंच झाली. आज तो नाही, वडीलही नाहीत. जी गोष्ट त्यांना सुचली नाही ती आम्हांलाही पुष्कळ वर्षे सुचली नाही, म्हणून दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

आता घरोघरी फोमच्या गाद्या आणि प्लायवूडचे दिवाण आले आहेत. बाज विणणारे हात विरळ झाले. विणलीच तर नायलॉनच्या पट्टीने. गंमत अशी की आपण जी वस्तू माळ्यावर टाकली तिला दूरदेशी मोल आले आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात अशी एक खाट ९९० डॉलरला विकायला ठेवल्याची बातमी गाजली होती. २०२० मध्ये न्यूझीलंडमधील एका दुकानाने तिची किंमत ८०० डॉलर लावली आणि तिला ‘व्हिंटेज इंडियन डेबेड’ असे भारदस्त नाव दिले. त्रिफिलियस बिशपांना हे नाव निश्चित आवडले असते. किंमत मिळावी म्हणून नाव बदलावे लागते, हा धडा नवा नाही.

त्याच काळात, त्याच देशात दुसरीही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. कोठल्यातरी डोंगरातील पाड्यावर रस्ता नाही, म्हणून अडलेल्या बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला खाटेवर अथवा झोळीत घालून माणसांनी कोसच्या कोस खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणले. तेथे खाटेला कोणी डेबेड म्हणत नाही. तेथे ती अजून ‘वह्य’ आहे. ही बातमी वाचून खाटेच्या थोरवीचे कौतुक करीत बसणे हा मोठाच निर्दयपणा ठरेल. रस्ता झाला पाहिजे, दवाखाना जवळ आला पाहिजे आणि त्या पाड्यावरील खाट निजण्यापुरती उरली पाहिजे. परंतु रस्ता होईपर्यंत खांदा द्यावा लागतो, आणि खांदा देणाऱ्या चौघांपैकी कोणी त्या वेळी निजलेल्याची पायरी विचारीत नाही.

छप्पर चढले, घर पुन्हा लागले. बाज विकून टाकावी असे घरातील काहींचे मत होते. आम्ही काथ्या आणवला आणि शोधाशोध करून एका वृद्ध विणकराला बोलावले. दोन दिवस तो अंगणात बसून वीण घालीत होता. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी तो सवयीने भुईवर बसू लागला, तेव्हा आम्ही त्याला बाकावर आमच्या शेजारी बसवले. यात काही विशेष केले असे नाही; फार उशिरा केले एवढेच.

वीण पुरी झाली तेव्हा नातू पुन्हा आला. त्याने हाताने दाबून पाहिले आणि विचारले, “ही बेड का नाही मग?” आम्ही त्याला खोलीतील लाकडी पलंग दाखवला आणि म्हटले, “तो उचलून बघ.” तो हसला. मग त्याने बाजेचा एक खूर धरला, आम्ही दुसरा धरला. विणकर आणि सूनबाई उरलेल्या दोन बाजूंना आल्या. बाज अलगद वर उचलली गेली. मुलाला उत्तर मिळाले. आम्हांलाही त्याहून चांगले उत्तर अद्याप सुचलेले नाही.